ओर्व्हिएतो आणि परिसर : राखेच्या खडकावरचे गाव तीन दिवसांत कसे पाहावे

रोमहून फ्लोरेन्सकडे निघालेली साधी गाडी पाल्या नदीच्या खोऱ्यात शिरली की डाव्या हाताच्या खिडकीतून सपाट माथ्याचा एक पिवळसर तपकिरी कडा दिसू लागतो. कड्याच्या काठावरच घरांच्या भिंती उभ्या आहेत आणि त्याही त्याच दगडाच्या असल्यामुळे खडक कुठे संपला व गाव कुठे सुरू झाले, हे पहिल्या नजरेत उमगत नाही. हे ओर्व्हिएतो, इटलीच्या उंब्रिया प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाचे गाव. बहुतेक प्रवासी रोम आणि फ्लोरेन्स यांच्या मधल्या वाटेवर तीन-चार तास काढून येथे उतरतात, कॅथेड्रलसमोर छायाचित्रे काढतात आणि पुढची गाडी पकडतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केले. दुसऱ्या खेपेला दोन रात्री मुक्काम केला, तेव्हा कळले की येथील कॅथेड्रल, विहीर, तळघरे, थडगी, शेजारचे ढासळते चिविता आणि पलीकडचे बोल्सेना सरोवर ही सुटी सुटी स्थळे नव्हेत. ती एकाच खडकाची कहाणी आहेत. म्हणून हा लेख त्या खडकाच्या अनुषंगाने लिहिला आहे.

आधी खडक समजून घ्यावा

ओर्व्हिएतोच्या नैर्ऋत्येला, आज जेथे बोल्सेना सरोवर आहे त्या भागात, पूर्वी ज्वालामुखींचा मोठा समूह होता. तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी त्यातून उसळलेली तप्त राख आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे तुकडे दूरवर पसरले, थरावर थर बसले आणि त्यांचा खडक झाला. या खडकाला येथे तूफो म्हणतात. कोकणात जांभ्याचे चिरे जसे हत्याराने काढता येतात, तसाच हा दगडही कापायला सोपा आहे. जांभ्याची घडण अगदी वेगळी, पण पाथरवटाच्या हाताला दोन्ही दगड सारखेच वश होतात. मात्र या तूफोखाली, सुमारे ५० मीटरच्या कड्याच्या तळाशी, जुन्या समुद्रतळाची चिकणमाती आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपून चिकणमातीपर्यंत जाते, माती घसरते आणि वरचा कडा तुटतो.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे उलगडत जाते. खडक मऊ, म्हणून गावाखाली शेकडो तळघरे. कडा उभा, म्हणून वेढ्याच्या काळात पाण्याची चिंता आणि त्यातून खोदलेल्या विहिरी. तळाशी माती, म्हणून शेजारच्या चिविताचा ऱ्हास. ओर्व्हिएतोवरही हीच वेळ येऊ लागली होती. कड्याच्या दरडी कोसळू लागल्या, तेव्हा इटलीच्या संसदेने १९७८ मध्ये ओर्व्हिएतोचा कडा आणि जवळच्या तोदी गावाची टेकडी वाचवण्यासाठी खास कायदा केला. त्यातून खडकात लांब पोलादी सळया रोवण्यात आल्या आणि गावातले पाणी खडकात मुरू नये म्हणून नळ व गटारांची व्यवस्था नव्याने करण्यात आली.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या तारखेला १५ दिवस राहिले असताना तो दाखल झालेलाच असला पाहिजे. मुंबईत सुट्ट्यांच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करणे चांगले. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. ओर्व्हिएतोतील मुक्कामाची नोंद अर्जात स्वच्छ दाखवावी, कारण रोम आणि फ्लोरेन्स यांच्या मधल्या दोन रात्री रिकाम्या दिसल्या तर विनाकारण प्रश्न उद्भवतात.

ऋतू निवडायचा तर एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दगड तापतो आणि चिविताच्या पुलावर सावलीचा टिपूस नसतो. हिवाळ्यात खोऱ्यात धुके दाटते. सकाळी कडा धुक्यावर तरंगल्यासारखा दिसतो खरा, पण दिवस लहान असतो आणि स्थळे लवकर बंद होतात. १५ ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते, तेव्हा बस आणि दुकाने यांचा भरवसा धरू नये. ईस्टरनंतर साधारण दोन महिन्यांनी येणाऱ्या कॉर्पस दोमिनीच्या सणाला मध्ययुगीन वेशातली मोठी मिरवणूक निघते. ती पाहायची असेल तर खोली फार आधी घ्यावी लागते.

सामानात पक्क्या तळव्याचे बूट, हलके जाकीट आणि खांदे झाकणारे वस्त्र हवेच. बूट दगडी उतारांसाठी, जाकीट तळघरांतल्या गारव्यासाठी आणि वस्त्र कॅथेड्रलसाठी. तेथे उघडे खांदे आणि गुडघ्यांवरचे कपडे चालत नाहीत.

पोहोचणे आणि वर चढणे

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून ओर्व्हिएतोला सव्वा तासाच्या आसपास लागतो, फ्लोरेन्सहून दोन तास किंवा थोडे अधिक. बहुतेक अतिवेगवान गाड्या येथे थांबत नाहीत, त्यामुळे तिकीट काढताना प्रादेशिक किंवा इंटरसिटी गाडी शोधावी. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढले असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा. शिक्का नसलेले तिकीट असणे हे तिकीट नसण्यासारखेच मानले जाते आणि दंड होतो. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटालाही गाडीत चढण्यापूर्वी चेक-इन करावे लागते. नवख्या प्रवाशाचे पैसे येथेच हकनाक जातात.

स्थानक कड्याच्या पायथ्याशी, ओर्व्हिएतो स्कालो नावाच्या नव्या वस्तीत आहे. स्थानकाच्या समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी उताराची रेल्वे, सुटते. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, त्या भाराने तो खाली उतरायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर यायचा. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. आता ती सुमारे ५८० मीटरच्या मार्गात १५७ मीटर चढते आणि दोन-तीन मिनिटांत पियात्सा काहेन या चौकात सोडते. तेथून कॅथेड्रलकडे जाणाऱ्या लहान बस असतात. पायी गेले तर कोर्सो काव्होर या मुख्य रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे हलकी चढण आहे.

स्वतः मोटार चालवणाऱ्यांनी आपल्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा आणि मोटार गावात घालू नये. जुन्या गावात ठरावीक वेळी परवानाधारक वाहनांनाच प्रवेश असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची सूचना काही महिन्यांनी भाड्याच्या मोटारीच्या कंपनीमार्फत घरी येते. कड्याच्या दुसऱ्या बाजूला काम्पो देल्ला फिएरा येथे मोठे वाहनतळ आहे आणि तेथून सरकत्या जिन्यांनी व लिफ्टने थेट गावात जाता येते.

प्रमुख स्थळे पाहायची असतील तर कार्ता उनिका हे एकत्रित तिकीट घ्यावे. कॅथेड्रलचे चित्रदालन, विहीर, तळघरे, मनोरा, संग्रहालये आणि कड्याखालची थडगी त्यात येतात. तीन-चार स्थळे पाहिली तरी ते परवडते.

पहिला दिवस : विहीर, तळघरे, कॅथेड्रल

क्रम महत्त्वाचा आहे. सकाळी विहीर, दुपारी तळघरे आणि ऊन कलल्यावर कॅथेड्रल. दुपारी एक ते चारच्या दरम्यान अनेक दुकाने आणि लहान चर्चेस बंद असतात. त्या वेळी जमिनीखाली उतरावे. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, तेव्हा त्यावरचे सोनेरी मोझेक संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उजळते.

पियात्सा काहेनलगत कार्डिनल आल्बोर्नोझ याच्या चौदाव्या शतकातील किल्ल्याचे अवशेष आहेत. आता तेथे बाग आहे आणि तटावरून पाल्याचे खोरे दिसते. बागेपासून दोन मिनिटांवर सान पात्रित्सियोची विहीर आहे. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले. महिनोन् महिने कैदेत राहिलेला पोप सातवा क्लेमेंट त्या वर्षाच्या डिसेंबरात वेशांतर करून निसटला आणि ओर्व्हिएतोला आला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील त्याच्या विवाहविच्छेदाची मागणी घेऊन १५२८ मध्ये पोपला भेटले ते याच गावात. पुन्हा वेढा पडला तर गाव तहानेने शरण जाऊ नये, या धास्तीने पोपने आन्तोनियो दा सांगाल्लो धाकटा या वास्तुविशारदाला विहीर खोदायला सांगितली. ती १५३७ च्या सुमारास पुरी झाली, तेव्हा क्लेमेंट हयात नव्हता.

विहिरीची खोली सुमारे ५३ मीटर आणि व्यास १३ मीटर आहे. मधल्या पोकळीभोवती दोन नागमोडी जिने एकमेकांवर असे रचले आहेत की एकाने उतरणारा आणि दुसऱ्याने चढणारा कधीही समोरासमोर येत नाहीत. रिकाम्या पखाली घेऊन खेचरे एका वाटेने खाली जात, तळाच्या छोट्या पुलावरून पलीकडे होत आणि भरल्या पखालींनी दुसऱ्या वाटेने वर येत. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. जनावराला झेपाव्या म्हणून त्या रुंद, बुटक्या आणि किंचित उतरत्या ठेवल्या आहेत. पाऊल टाकताना आपली नेहमीची चाल जुळत नाही आणि नकळत आपण खेचराच्या चालीने चालू लागतो. उतरताना आतल्या भिंतीतल्या ७० खिडक्यांपैकी एकीत थांबून आधी वर पाहावे आणि मग खाली. वर आकाशाची वाटोळी चकती असते, खाली हिरवट काळे पाणी आणि समोरच्या खिडकीत चढणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा क्षणभर दिसणारा चेहरा. आणखी खाली गेल्यावर खडक संपून विटांचे बांधकाम सुरू झालेले दिसते. तूफोचा थर संपून चिकणमाती लागली, ती ही जागा. प्रवेशाजवळ लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा की या दुर्गाला निसर्गाने जे दिले नाही ते माणसाच्या उद्योगाने जोडले.

गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करून उतरावे, कारण मध्येच परत फिरण्याची सोय नाही. आमच्यासोबत आई होती. तिने किल्ल्याच्या बागेत बसणे पसंत केले, आणि खोऱ्यावरच्या ढगांच्या सावल्या पाहण्यात तिचा वेळ कसा गेला ते तिला कळले नाही. विहिरीसाठी पाऊण तास धरावा. शेजारीच एट्रुस्कनांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी येथे नांदलेल्या लोकांच्या, मंदिराचा चौथरा उघड्यावर आहे, तो जाता जाता पाहून होतो.

दुपारच्या जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. ती चुकली तर संध्याकाळी साडेसातपर्यंत धड जेवण मिळणे कठीण. शाकाहारी माणसासाठी येथील उंब्रिकेल्ली हा चांगला आधार आहे. हाताने वळलेल्या या जाड शेवया केवळ पीठ आणि पाण्याच्या असतात, अंडे नसते. टोमॅटो-लसूण किंवा ट्रफल या कंदासारख्या भूछत्राच्या सॉससोबत त्या मागवाव्यात आणि ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाविना, असे स्पष्ट सांगावे. लुमाकेल्ले नावाचे गोगलगायीसारखे वळलेले पाव दिसायला साधे असतात, पण त्यांत बहुधा डुकराचे मांस असते. उंब्रियातला रोजचा पाव अळणी असतो, तो बिघडलेला आहे असे समजू नये. बिलात ‘कोपेर्तो’ या नावाने प्रत्येक माणशी थोडी रक्कम लागते, ती रीतीचीच आहे.

तळघरांची फेरी मार्गदर्शकासोबतच करता येते. ती कॅथेड्रलच्या चौकातून सुटते आणि सुमारे तासभर चालते. इंग्रजी फेरीची वेळ सकाळीच विचारून जागा राखून ठेवावी. या खडकात सुमारे १,२०० पोकळ्या मोजल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक लोकांच्या घरांखालची खासगी तळघरे आहेत. फेरीत मध्ययुगीन तेलघाणा दिसतो, त्याच्या जात्याचे दगड अजून जागेवर आहेत. एट्रुस्कनांनी खोदलेल्या अरुंद चौकोनी विहिरी दिसतात, आणि त्यांच्या भिंतीत हात-पाय रोवण्यासाठी ठेवलेल्या खोबण्याही. मला सर्वांत आवडले ते कबुतरखाने. कड्याच्या अंगाला असलेल्या खोल्यांच्या भिंतींत चौकोनी कोनाड्यांच्या रांगा कोरल्या आहेत आणि बाहेरच्या बाजूला एक खिडकी आहे. कबुतरे दिवसभर खोऱ्यात चरून रात्री कोनाड्यात परतत. वेढ्यात अडकलेल्या गावाला न पाळता मिळणारे हे अन्न होते. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी एक-दोन अरुंद जिन्यांची कल्पना आधी घ्यावी.

चार वाजून गेले की कॅथेड्रलकडे वळावे. त्याचा पाया १२९० मध्ये पोप चौथा निकोलस याने घातला. त्यामागची कथा बोल्सेनाची आहे. १२६३ मध्ये बोल्सेनातल्या चर्चमध्ये एका बोहेमियन धर्मगुरूला पूजाविधी करताना पवित्र भाकरीतून रक्त गळताना दिसले आणि खाली अंथरलेले वस्त्र त्याने डागाळले, अशी श्रद्धा आहे. ते डागाळलेले वस्त्र ओर्व्हिएतोत मुक्कामाला असलेल्या पोप चौथा अर्बन याच्याकडे आणले गेले आणि पुढच्या वर्षी, १२६४ मध्ये, अर्बनने कॉर्पस दोमिनीचा सण साऱ्या कॅथलिक जगाला लागू केला. ते वस्त्र आजही कॅथेड्रलच्या डाव्या बाजूच्या दालनात आहे.

दर्शनी भागाची घडण सिएनाच्या लोरेन्त्सो माइतानी याने १३१० च्या सुमारास हाती घेतली. वरच्या मोझेककडे सगळ्यांची नजर जाते, पण खरा ऐवज खाली, दारांच्या मधल्या चार रुंद खांबांवर आहे आणि तो डोळ्यांच्या उंचीवर आहे. डावीकडच्या पहिल्या खांबावर जगाची उत्पत्ती आणि उजवीकडच्या शेवटच्या खांबावर अंतिम न्याय. पहिल्या खांबाच्या खालच्या भागात झोपलेला आदम शोधावा. देव त्याच्या बरगडीपाशी वाकून हात घालतो आहे, आणि आदमचा चेहरा गाढ झोपेतल्या माणसासारखा सैल आहे, वेदनेची एक रेषही त्यावर नाही. शेवटच्या खांबावर पेट्यांची झाकणे ढकलून उठणारी माणसे आहेत आणि त्यांच्या खाली सापांनी व राक्षसांनी घेरलेले पापी. येथे अर्धा तास सहज द्यावा. मधले गोल गवाक्ष ओर्कान्याचे आहे. काशाचे दरवाजे मात्र एमिलियो ग्रेको या विसाव्या शतकातील शिल्पकाराचे, १९७० मध्ये बसवलेले. ते या जुन्या शिल्पांशेजारी शोभतात का, यावर गावात मतभेद होते. मला ते शोभतात असे वाटते.

आत बेसाल्टचे काळे आणि ट्रॅव्हर्टिनचे पांढरे पट्टे आहेत. उजवीकडच्या सान ब्रित्सियो दालनात फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये छताचे काम सुरू केले आणि ते अर्धे राहिले. पन्नासेक वर्षांनी, १४९९ ते १५०४ या काळात, लुका सिन्योरेल्लीने ते पूर्ण करून भिंतीही रंगवल्या. ख्रिस्तविरोधकाचे प्रवचन या चित्रात ख्रिस्तासारखाच दिसणारा माणूस चौथऱ्यावर उभा आहे आणि सैतान त्याच्या कानाशी लागून बोलतो आहे. नीट पाहिले तर अंगरख्यातून बाहेर आलेला हात नक्की कोणाचा, असा प्रश्न पडतो. डाव्या कोपऱ्यात काळ्या वेशात दोन माणसे उभी आहेत, ती स्वतः सिन्योरेल्ली आणि फ्रा आंजेलिको मानली जातात. मृतांच्या उत्थानाच्या चित्रात माणसे जमिनीतून हाताच्या जोरावर स्वतःला वर ओढून काढत आहेत. मायकेलँजेलोने या चित्रांपासून घेतले असे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवले आहे, आणि सिस्टाइन चॅपेल आधी पाहून आलेल्याला ते पटते.

दिवसाउजेडी वेळ उरला तर तोर्रे देल मोरो या ४७ मीटरच्या मनोऱ्यावर चढून कड्याचा पूर्ण आकार पाहावा. त्याच संध्याकाळी कॅथेड्रलसमोरचे फाइना संग्रहालय मात्र कोंबू नये.

दुसरा दिवस : चिविता, आणि मोटार असेल तर बोल्सेना

चिविता दि बान्योरेजो सुमारे २० किलोमीटरवर, लात्सियो प्रांतात आहे. ओर्व्हिएतोहून बान्योरेजोला बस जाते. पाऊण तासाचा प्रवास आहे, पण दिवसभरात फेऱ्या मोजक्या असतात आणि रविवारी बहुधा नसतातच. म्हणून दुसरा दिवस रविवार येणार नाही अशीच सहल आखावी, तिकीट आदल्या दिवशी तंबाखूच्या किंवा वर्तमानपत्राच्या दुकानातून दोन्ही वेळचे घेऊन ठेवावे आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी. आमची ती बस चार मिनिटांनी चुकली आणि भाड्याच्या गाडीला एका जेवणाइतके नव्हे, चार जेवणांइतके पैसे मोजावे लागले.

बसथांब्यापासून बान्योरेजोच्या मुख्य रस्त्याने अर्धा तास चालले की आधी एक सज्जा लागतो. येथे थांबावे, कारण चिविताचे खरे रूप दुरूनच समजते. राखेच्या खडकाची एक चकती आणि तिच्यावर काही घरे, खाली करड्या मातीच्या धारदार कडांचे उतार. या उतारांना येथे कालांकी म्हणतात. पाऊस आणि ओढे माती कापत जातात, आधार गेला की वरचा तूफो घरांसकट सुटतो. १६९५ च्या भूकंपाने मोठे नुकसान केले आणि बिशपची गादी व नगरपालिका शेजारच्या वस्तीत गेली. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत बोनाव्हेंतुरा येथलाच. त्याचे घरही दरीत गेले असून त्याची एक खूण तेवढी उरली आहे.

आज चिविताला जाण्यासाठी १९६५ मध्ये बांधलेला सुमारे ३०० मीटरचा पादचारी पूल हा एकच मार्ग आहे. शेवटचा टप्पा चांगलाच खडा आहे. प्रवेशशुल्क २०१३ पासून घेतले जाते, ते पुलाआधी भरावे लागते. सकाळी दहाच्या आत पोहोचले तर गल्ल्या मोकळ्या मिळतात. अकरानंतर रोमच्या पर्यटक बस येतात. बारमाही राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सान दोनातो चर्चचा मातीचा चौक पाहून उजव्या-डाव्या गल्ल्यांनी पार दुसऱ्या टोकापर्यंत जावे. तेथे काही घरांना फक्त दर्शनी भिंत आहे. दार आहे, खिडकीच्या चौकटी आहेत आणि खिडकीपलीकडे खोलीऐवजी आकाश आहे. अशा खिडकीसमोर उभे राहिल्यावर सुरुवातीला सांगितलेले भूशास्त्र वेगळे सांगावे लागत नाही. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये, माती खरोखरच सुटी आहे.

मोटार असेल तर येथून बोल्सेना साधारण १५ किलोमीटरवर आहे. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर, सर्वांत जास्त खोली १५१ मीटर. ज्वालामुखीखालचा शिलारस निघून गेल्यावर जमीन खचली आणि त्या खळग्यात हे पाणी साठले. किनाऱ्याची वाळू काळी आहे आणि पाणी स्वच्छ. उन्हाळ्यात लोक निर्धास्त पोहतात. गावाबाहेर काश्शिया रस्त्यालगत षटकोनी बेसाल्ट स्तंभांचा उघडा कडा आहे, तो पाच मिनिटे थांबून पाहावा. सांता क्रिस्तिना चर्चमध्ये १२६३ च्या त्या चमत्काराची जागा दाखवतात आणि त्याखाली आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची भुयारी दफनभूमी आहे.

बोल्सेना या नावातही ओर्व्हिएतो आहे. ओर्व्हिएतोच्या कड्यावर असलेल्या एट्रुस्कनांच्या वेल्झ्ना या शहराला रोमन वोल्सिनी म्हणत. इ.स.पू. २६४ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि उरलेल्या लोकांना कड्यावरून उठवून सरोवराकाठी वसवले. लोकांसोबत नावही गेले आणि त्याचे बोल्सेना झाले. मागे राहिलेल्या जागेला पुढे ‘जुने शहर’ अशा अर्थाचे उर्ब्स वेतुस म्हणू लागले, त्याचे ओर्व्हिएतो झाले. वोल्सिनीतल्या दोन हजार मूर्तींच्या लोभाने रोमनांनी ही स्वारी केली, असा जुना आरोप प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवला आहे.

मराठी प्रवाशासाठी एक जादा दिवस

मोटार आणि आणखी एक दिवस हाताशी असेल, तर उंब्रियाच्या उत्तरेला, साधारण दोन तासांवर, मोंतोने नावाच्या टेकडीवरच्या गावी जावे. पाल्या नदी ओर्व्हिएतोखाली ज्या तिबेर नदीला मिळते, तिचेच हे वरचे खोरे. १० जुलै १९४४ रोजी येथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एक तुकडीप्रमुख सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. ते तुकडीप्रमुख म्हणजे स्वतः घाडगे. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून उरलेल्यांशी लढले आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडले. वय २२. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभारले गेले, ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. उन्हाच्या वेळी जावे.

शेवटची सकाळ : कड्याभोवती

निघायच्या दिवशी सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून सकाळी आठला बाहेर पडावे. कड्याच्या पायथ्याभोवती सुमारे ५ किलोमीटरची पायवाट आहे, तिला आनेल्लो देल्ला रूपे म्हणतात. पियात्सा काहेनजवळून तिच्यावर उतरता येते. पूर्ण फेरीला निवांत दोन तास लागतात, पाऊस पडून गेला असेल तर मात्र वाट निसरडी होते. आजवर ज्याच्या वर आणि आत फिरलो तो खडक आता खालून दिसतो. बाहेर उघडणाऱ्या कबुतरखान्यांच्या खिडक्या, भेगा बुजवलेल्या जागा, आणि तूफोच्या तळाशी, जेथे माती सुरू होते तेथे, ओल धरलेली झाडी.

उत्तरेकडच्या पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तूफो हे एट्रुस्कन दफनस्थान आहे. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी आणि शक्य तर पायवाटेची फेरी त्या बेताने आखावी. इ.स.पू. सहाव्या शतकातील थडग्यांच्या या रांगा गावातल्या गल्ल्यांसारख्या सरळ आखलेल्या आहेत. तूफोच्या चिऱ्यांची छोटी घरे, प्रत्येकाला एक दार, आत मृतासाठी दगडी ओटा. दाराच्या वरच्या पट्टीवर कोरलेली अक्षरे बोटाने न शिवता, बाजूने पडणाऱ्या उन्हात पाहावीत. उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी ती मालकांची नावे आहेत. त्यांतला एक लेख ‘मी मामार्चेस वेल्थिएनास’ असा आहे. थडगे स्वतःच बोलते आहे : मी मामार्चे वेल्थिएना याचे. एट्रुस्कन भाषेचे आपल्या भाषाकुळाशी काही नाते नाही आणि हा निव्वळ योगायोग आहे. तरीही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दगडावरचा पहिला शब्द न शिकता समजतो, तेव्हा मराठी माणसाचे पाऊल तेथे थांबतेच.

येथून वर गावात परतायला अर्धा तास, सामान घेऊन फ्युनिक्युलरने स्थानकात उतरायला आणखी अर्धा तास धरावा. म्हणजे दुपारी एकच्या पुढची कोणतीही गाडी धावपळ न करता मिळते. रोमकडे जाणार असाल तर या वेळी कडा उजव्या हाताला असतो, तेव्हा खिडकी त्या बाजूची घ्यावी.